आकसत्या जगातले आतोबा

वाचकहो, उभे राहा असं मी म्हणत नाही, पण निदान ताठ बसा, हातातला चहा खाली ठेवा आणि घरातल्या पोरांना गप्प करा. कारण आज मी एक अत्यंत गंभीर बाब जाहीर करणार आहे. मॉरिशस बेटावर महागाईचा शोध सरकारने लावला नाही, वर्तमानपत्रांनी लावला नाही, पोर्ट लुईच्या व्यापाऱ्यांनी तर मुळीच लावला नाही. तो माझ्या आत्याच्या यजमानांनी लावला. आमच्या कार्तिए मिलितेर गावच्या चौकात, मोरीच्या कठड्यावर बसून, आणि बहुतेक वेळा डोळे मिटून. बाकीच्या जगाला भाव वाढल्यावर कळायचं. आतोबांना भाव वाढायच्या आधी कळायचं, आणि भाव वाढला नसला तरीही कळायचं. हे शेवटचं मी घाईत लिहिलेलं नाही. त्यातच त्यांची सगळी विद्या होती, आणि त्या विद्येपुढे मी आजही मान खाली घालतो.

त्यांचं म्हणणं असं की दुकानातला आकडा बघून महागाई ओळखणारी माणसं फार भोळी असतात. आकडा बिचारा सगळ्यात शेवटी हलतो. त्याआधी वस्तू हलते. ती जागच्या जागी, कुणाला न सांगता, आकसते. "पैसे तेवढेच घेतले म्हणतोस? मंग पाव हलका का लागतोय?" असं ते मला विचारायचे आणि उत्तराची वाट न बघता पाव कानाला लावायचे. हो, कानाला. आमच्याकडे सकाळी गोल पाव यायचा. दुसरी माणसं तो दाबून बघत, आतोबा तो ऐकत. बोटाने टिचकी मारायची, डोळे मिटायचे, आणि मग डॉक्टरने छातीचं निदान सांगावं तसं सांगायचं, "वारा वाढलाय. पीठ कमी नि वारा जास्त. वाऱ्याचे पैसे घेतायत हे." पाववाला सायकलवरून उतरून शपथा घ्यायचा. पण पुढच्याच आठवड्यात कुठून तरी बातमी यायचीच की पिठाचं पोतं महागलं, आणि पाववाला चौकातून जाताना सायकल जरा जोरात हाणायचा.

दिसायला ते उंच आणि बारीक, उसाच्या फडात राहून गेलेल्या उसासारखे. कार्तिए मिलितेरला पावसाची बुरबुर बाराही महिने, म्हणून अंगात कायम एक लांब काळा कोट आणि डोक्यावर फेल्टची टोपी. उसाचा एक लहानसा तुकडा होता, त्यात पोट भरायचं. पण त्यांचा खरा व्यवसाय जगाकडे लक्ष ठेवण्याचा. डाळपुरी हातात आली की ते ती आधी उजेडाकडे धरत. पूर्वी डाळपुरीतून काही दिसत नसे. मग एका वर्षी पलीकडचा डोंगर अंधुक दिसायला लागला. "आता डोंगरावरची झाडं दिसतायत," असं त्यांनी सांगितलं त्या दिवशी मी स्वतः डाळपुरी डोळ्यांपुढे धरून बघितली आणि देवाशपथ सांगतो, झाडं होती. साबणाच्या वडीवर कंपनीचं नाव कोरलेलं असतं ना, ती अक्षरं दरवर्षी जास्त खोल जातायत, म्हणजे अक्षराएवढा साबण कंपनी ठेवून घेते, हे त्यांनी बोट फिरवून ओळखलं. सार्डिनच्या डब्याबद्दल त्यांचं निरीक्षण असं की पूर्वी डब्यात मासे एकमेकांच्या अंगावर झोपायचे, आता एकेकाला स्वतंत्र खाट मिळालीय. काडेपेटी ते हलवून ऐकत. भरल्या पेटीचा आवाज जाड असतो आणि काड्या चोरलेल्या पेटीचा खळखळाट, हे मला त्यांनी शिकवलं. मी प्रयत्न केला. मला सगळ्या पेट्या सारख्याच ऐकू आल्या. ऐकू येणं ही देणगी असते, ती मागून मिळत नाही.

बसच्या बाबतीत तर त्यांनी आम्हाला गार केलं. आमचं गाव उंचावर. इथून कुठेही निघालं तरी रस्ता उतरतो. एका दुपारी कठड्यावर डोळे मिटून बसलेले असताना ते एकदम म्हणाले, "तेल वाडणार, बसचं." मी विचारलं कशावरून. तर म्हणाले, ऐक. मी ऐकलं. काहीच ऐकू आलं नाही. "तेच सांगतोय तुला. बस गेली आत्ता. आवाज आला?" खरंच, बस चौक ओलांडून उताराला लागली होती आणि ड्रायव्हरने इंजिन बंद करून ती नुसती सोडून दिली होती. मालकाने काटकसरीचा हुकूम काढला असणार आणि हुकूम निघतो तेव्हा भाव दारात उभा असतो, असा त्यांचा हिशोब. दहा-पंधरा दिवसांत तिकीट वाढलं. गावातली माणसं तिकिटासाठी खिसे चाचपत होती आणि मी कठड्याकडे बघत होतो. मला त्या वेळी वाटलं, आणि अजूनही वाटतं, की हा माणूस पोर्ट लुईच्या मोठ्या कचेरीत खुर्चीवर असता तर बेटाचं काय झालं असतं कोण जाणे. पण कचेरीत बसून बस ऐकू येत नाही.

यांच्या तावडीतून देवही सुटला नाही. आमचे भटजी लांबच्या गावाहून बसने यायचे, भला माणूस, दक्षिणा कधी वाढवून मागितली नाही. एका पूजेला कथा सांगता सांगता त्यांनी समुद्रातली ती नाव बुडवली आणि त्याच दमात वर काढली. सगळे हात जोडून बसलेले. आतोबांनी हात जोडलेलेच ठेवून शांतपणे विचारलं, "भटजीबुवा, यंदा नाव लवकर वर आली. बसचं भाडं वाडलं काय?" भटजी आधी लाल झाले, मग हसले, मग नाव पुन्हा पाण्यात ढकलून त्यांनी ती रीतसर बुडवली आणि सावकाश वर काढली. चिंचेच्या झाडाखालचा न्हावी तसाच. कैचीचे पैसे त्याने वाढवले नाहीत, पण पूर्वी एका हजामतीत सगळ्या गावाची खबर मिळायची, आता वरच्या आळीपर्यंत येऊन तो फडकं झटकतो, अशी आतोबांची तक्रार. न्हाव्याने खालच्या आळीची खबर पुढच्या वेळी आधी सांगून हिशोब चुकता केला.

या सगळ्या विद्येला एकच दार बंद होतं, ते स्वतःच्या स्वयंपाकघराचं. लग्नाच्या सुरुवातीला त्यांनी आत्याची भाकरी कानाला लावली होती म्हणे. आत्याने तवा खाली उतरवला आणि सांगितलं की आता कानानेच खा. त्यानंतर घरात जे ताटात पडेल ते भरल्या मापाचं, असा कायदा झाला.

पण त्यांची खरी कुस्ती चौकातल्या चिनी दुकानदाराशी. हा माणूस तरुणपणी बोटीने आला आणि चौकात दुकान टाकून बसला. आम्ही सगळे त्याला मिस्ये म्हणायचो. क्रिओल तो गिऱ्हाइकांशी बोलून शिकला, भोजपुरी उधारी मागून शिकला, आणि मराठी आतोबांशी भांडून शिकला. त्यामुळे त्याची सगळी मराठी भांडणाची होती. मायेचं काही बोलायचं झालं तर त्याला क्रिओलमध्ये जावं लागे. त्याची जुनी रीत अशी की तराजूचा काटा मध्ये आला की तो वर तांदळाची एक चिमूट टाकायचा. हिशोबाची नव्हे, आपली अशीच. मग तो मोठा सिक्लोन, म्हणजे चक्रीवादळ, आला. आमच्या अर्ध्या गावाचे पत्रे आणि सगळा ऊस घेऊन गेला, बोटी अडल्या, तांदूळ कडाडला. त्यानंतर एक दिवस काटा मध्ये आला आणि चिमूट आली नाही. आतोबा पिशवी धरून उभे. मिस्ये कागदाचा पुडा वळतोय. मागे गिऱ्हाइकांची रांग. आतोबा हलेनात. दुकानात अशी शांतता पसरली की खारवलेल्या माशावरच्या माशा ऐकू याव्यात. शेवटी मिस्येने मान न उचलता पोत्यात हात घातला आणि चिमूट टाकली. आतोबा टोपीला हात लावून निघाले. त्या दिवसापासून तो खेळच झाला. मिस्ये मुद्दाम चिमूट अडवून धरायचा, आतोबा मुद्दाम उभे राहायचे, आणि त्या दोन हट्टी म्हाताऱ्यांना बघायला लोक विनाकारण मीठ घ्यायला यायचे. "माप कमी भरलं," हे आतोबांचं वाक्य. "तुमचे डोळे महाग झाले," हे मिस्येचं. आत्या म्हणायची, यांना तांदूळ नकोच, यांना चिमूट पाहिजे.

आता मी मूळ गोष्टीकडे येतो. जग सगळं आकसत चाललं असताना आतोबांच्या स्वतःच्या हातात एक वस्तू अशी होती की जी त्यांच्या वडिलांकडून आली तेवढीच भरलेली राहिली होती. ते गाणं.

आमच्याकडे गणपतीत माणसं गोल फेर धरून नाचत गातात, त्याला आम्ही झाकरी म्हणतो. गणपती नदीवर न्यायच्या आधी बैठकेच्या अंगणात, म्हणजे जिथे संध्याकाळी मुलांचा मराठीचा वर्ग भरतो त्या घरासमोर, शेवटची झाकरी होते. त्यात आतोबा झांज घेऊन मध्ये उभे राहून जहाजाचं गाणं म्हणत. आमच्या गावातल्या जुन्या घराण्यांचे आजे-पणजे बोटीतून या बेटावर कसे उतरले, त्याचं ते गाणं. एकेका घराला एकेक कडवं. एक उतरतो विळा घेऊन, एक तांब्या घेऊन, एक बाई टोपलीत तुळशीचं रोप घेऊन. एक जण काहीच न घेता उतरतो, आणि त्याचं कडवं सगळ्यात लांब, कारण त्याने मागे काय काय ठेवलं ते सांगावं लागतं. प्रत्येक कडव्याच्या शेवटी आम्ही फेरातले सगळे म्हणायचो, "उतर दादा उतर, पायाखाली भुई," आणि एक माणूस जमिनीवर यायचा. सर्वांत शेवटी गाणाऱ्याच्या स्वतःच्या घरचा माणूस, पाहुण्यांची पंगत उठल्यावर घरच्याने बसावं तसा. आतोबांचे आजोबा जात्याची नुसती तळी, म्हणजे खालचा दगड, डोक्यावर घेऊन उतरले होते. वरची पेड कुणी आणली, की आणलीच नाही, हे कडव्यात नाही आणि कुणाला ठाऊकही नाही.

गाणं लांब होतं, पण कुणाची हरकत नव्हती, कारण नदीपर्यंत गणपती नेणारी लॉरी फुकट यायची. उसाच्या एका मळेवाल्याची लॉरी. ड्रायव्हरला नारळ आणि प्रसाद दिला की तो अंगणाच्या कडेला झोपून जायचा. मग डिझेल वाढलं, टायर वाढले, मळेवाल्याने लॉरी भाड्याने लावली, आणि भाडं तासावर. समाजाचा चिटणीस एक तरुण मुलगा होता, अतिशय सज्जन. मराठीचा वर्गही तोच चालवायचा, बिनपगारी. त्याने सभेत हात चोळत सांगितलं की समाजाच्या डब्यात लॉरीच्या एका तासापुरतं आहे. "आतोबा, तुमचं गाणं तासाबाहेर जातं. दुसरा तास लागला तर पोरांच्या पाट्या आणि दिव्याचं रॉकेल त्यातून जातं. मी काय करू, तुम्हीच सांगा."

पहिल्यांदाच महागाई आतोबांच्या कानाला न कळता त्यांच्या घरात शिरली होती. ते बराच वेळ टोपी हातात फिरवत बसले. मग म्हणाले, "म्हंजे तासात बसतील तेवडी माणसं उतरवायची, नि बाकीची परत पाटवायची?"

सभेने मग जे केलं ते पाहून मला आपल्या समाजाबद्दल फार आदर वाटला. गाणं कापायला पाहिजे यावर सगळ्यांचं एकमत झालं आणि प्रत्येकाने शेजाऱ्याचा आजा सुचवला. विळावाल्यांच्या मते तांब्यात काही विशेष नव्हतं. तांब्यावाल्यांनी विचारलं की विळा तर इथेही मिळत होता, तो आणला त्यात गाणं कसलं. तुळशीवाल्या घरच्या सुनेने मागच्या बाकावरून स्पष्ट सांगितलं की तुळस कापाल तर यंदा प्रसाद तुमचा तुम्ही करा. शेवटी कुणीतरी ढोलकीवाल्याचं नाव काढलं. हा गडी ढोलकी वाजवत उतरला, पुढे त्याला मूल ना बाळ, त्याचं घर कधीच बुजलं, त्याच्यासाठी सभेत भांडायला कुणी नव्हतं. सगळ्यांचे चेहरे उजळले. आणि आतोबा उठून उभे राहिले. "त्याचं कोण नाय म्हणून तर त्याला गाण्यात ठेवलाय," एवढंच म्हणाले आणि खाली बसले.

चिटणीसाने नम्रपणे तोड काढली. यंदा आतोबांनी अख्खं गाणं तासात बसवावं. नाही बसलं तर पुढच्या वर्षीपासून एकच कडवं, आपले सगळे पूर्वज सुखरूप उतरले, अशा अर्थाचं. त्याने ते लिहूनही आणलं होतं, यमक चांगलं जुळलं होतं. आतोबांनी ते ऐकलं. "घाऊक," ते म्हणाले. पण अट त्यांनी मान्य केली.

आमच्या बेटावर हिवाळा गणपतीच्या आधी येतो, त्या वर्षीचा फार ओला गेला आणि आतोबांना खोकला धरला. आत्या आल्याचा काढा करून पाजायची आणि ते काढा घशात धरून उसात सरावाला जायचे. गाणं लवकर म्हणून उरकणं त्यांना मंजूर नव्हतं. भरभर म्हटलेलं कडवं म्हणजे वारा भरलेला पाव. त्यांनी कडवं सोडून बाकीचं सगळं काढायला घेतलं. मधली चहाची सुट्टी गेली. दोन कडव्यांमधले किस्से गेले. ओळखीच्या माणसाला बघून झांजेनेच नमस्कार करायची लकब गेली. आम्हा फेरातल्यांना त्यांनी पावलं लहान टाकायला लावली, म्हणजे फेर लवकर पुरा होईल. मी हळूच म्हणालो, "आतोबा, फेर आकसला की." त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की उरलेला सराव मी न बोलता केला. पण बाकीची मंडळी घरी गेल्यावरही उसातून त्यांचा आवाज यायचा, आणि मध्येच थांबायचा, आणि थोड्या वेळाने मागच्या ओळीपासून पुन्हा सुरू व्हायचा. आत्या ओट्यावर उभी राहून ऐकायची. ती मला म्हणाली, "ह्यांच्या गाण्यात खोट नाही रे, श्वासच पुरत नाही." तिला आवाज ऐकून कळायचं. त्या घरात ऐकू येणारा माणूस एकच नव्हता हे मला तेव्हा समजलं.

विसर्जनाच्या दिवशी दुपारी बुरबुर चालू होती. गणपती बाकावर, वर ताडपत्री. लॉरी आली. ड्रायव्हर नवा होता. त्याने घड्याळ मनगटावरून सोडून समोर पत्र्यावर ठेवलं, जणू तेही दर्शनाला आलंय. रस्त्याच्या पलीकडे मिस्येने दरवर्षीप्रमाणे दुकानाचं अर्धं दार लावून घेतलं होतं आणि वरच्या अर्ध्यातून कोपर टेकून तो बघत उभा होता. गणपतीच्या दिवशी झाकरी चालू असेपर्यंत तो काही विकत नसे. का, ते त्याला कुणी विचारलं नव्हतं. आतोबांनी कोट काढून आत्याजवळ दिला. इतक्या वर्षांत त्यांना कोटाशिवाय मी पहिल्यांदाच पाहिलं. आत फारसं काही नव्हतं. मग झांज वाजली.

वाचकहो, मी थट्टेखोर माणूस आहे, पण इथे माझी थट्टा बंद होते. त्या बारीक देहातून तो आवाज कुठून आला, मला माहीत नाही. विळावाला उतरला. तांब्यावाला उतरला. तुळशीची टोपली घेतलेली बाई उतरताना तर मला पाण्यावरची फळी हलताना दिसली. एक कडवं उणं नाही, एक शब्द पोकळ नाही. मात्र फेरात नाचता नाचता माझ्या एक गंमत लक्षात आली. प्रत्येक घरची माणसं आपला आजा येईपर्यंत मान ताठ करून ऐकत होती. तो उतरला की त्यांची मान सैल पडे. मग कुणी छत्री शोधायला जाई, कुणी फुलांची परडी बघायला, कुणी पोराच्या नाकाला रुमाल लावायला. आपला माणूस भुईवर आला की पुढचं जहाज ज्याचं त्याचं. माझाही आजा उतरला आणि माझीही नजर चपलांकडे गेली, खोटं कशाला सांगू. काहीही न आणलेल्या गड्याचं लांब कडवं चालू होतं तेव्हा आतोबांना खोकल्याची उबळ आली. त्यांनी ती झांजेच्या आवाजाखाली दाबली. ड्रायव्हरने घड्याळ उचलून बघितलं आणि परत ठेवलं. चिटणीस बिचारा डोळे मिटून ओठ हलवत होता. तो गणपतीकडे काय मागत होता कुणास ठाऊक, पाट्या की आतोबा.

मग ढोलकीवाल्याची पाळी आली. त्याचं कुणीच नव्हतं, त्यामुळे ते कडवं ऐकायला कुणीच उरलं नव्हतं. आतोबांनी ते सगळ्यात सावकाश म्हटलं. जेवढा श्वास शिल्लक होता तो सगळा त्याला दिला. थाप घालत घालत त्याला फळीवरून खाली आणला, त्याचा पाय भुईला नीट टेकू दिला. ड्रायव्हरने घड्याळ मनगटाला बांधायला घेतलं. आतोबा एक क्षण नुसते उभे राहिले, तोंड उघडं, छाती वरखाली. मग त्यांनी झांज डोक्यावर नेली, एकदा वाजवली आणि म्हणाले, "गणपती बाप्पा." आम्ही सगळे मोरया म्हणून ओरडलो. लॉरीचं इंजिन सुरू झालं. तासात बसलं होतं. चिटणीसाने धावत येऊन आतोबांच्या पायाला हात लावला, विळावाल्यांनी तांब्यावाल्यांना मिठ्या मारल्या, आणि मी तर आनंदाने ज्याच्या त्याच्या पाठीत थापा मारत सुटलो. आतोबा झांजेची दोरी बोटाला गुंडाळत होते. आत्या कोट घेऊन जवळ गेली, तर तो त्यांनी घेतला नाही, तिच्या हातातच राहू दिला.

पुढचं आधी सांगून टाकतो, म्हणजे शेवटी जे सांगायचं आहे त्याच्यानंतर मला काही बोलावं लागणार नाही. त्या दुपारी ड्रायव्हरने इंजिन पुन्हा बंद केलं. घड्याळ त्याने खिशात घातलं आणि जादा भाडं घेतलं नाही. पुढच्या वर्षीपासून चिटणीस आतोबांच्या शेजारी उभा राहून गाऊ लागला. यांचा श्वास संपे तिथे त्याचा सुरू होई, आणि त्याचं ते यमकाचं कडवं पुन्हा कुणी ऐकलं नाही. मग एका हिवाळ्यात आतोबा गेले. मोरीचा कठडा अजून आहे. त्यावर मी कधी कधी बसतो, डोळे मिटतो, बस उताराला लागते, आणि मला काहीच ऐकू येत नाही. भाव वाढतात ते मला इतरांसारखे पाटीवर वाचून कळतात. मिस्येच्या दुकानात आता त्याचा मुलगा बसतो. तराजू नवा आहे आणि माप बरोबर असतं, अगदी बरोबर.

पण त्या दुपारी इंजिन चालू होतं, मोरया चालू होता, आणि त्या सगळ्या गर्दीत ज्याचा कुणीही आमच्या बोटीतून आला नव्हता असा एकच माणूस शेवटपर्यंत ऐकत उभा होता. रस्त्यापलीकडच्या अर्ध्या दारावर त्याची मूठ आपटली आणि त्याच्या त्या भांडणाच्या मराठीत, चिडल्यासारखा, घसा फाटेपर्यंत, मिस्ये ओरडला:

"आतोबा, थांबा. माप कमी भरलं. तुमचा आजा बोटीवरच राहिला."